साडूची बट्टी आणि माझी अन्ननळी

आमच्या नात्यागोत्यात माणूस अर्ध्या ताटावरून उठला की त्याला कुणी 'काय होतंय' असं विचारत नाही. 'कशाचं वाईट वाटलं' असं विचारतात. मी उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो, राहायला पुंडलिकनगरात आहे, आणि स्वभावानं तसा गरीब माणूस आहे. तरी मधली दीड-दोन वर्षं सासुरवाडीच्या सगळ्या नात्यात मी 'लई मानी मास्तर' म्हणून प्रसिद्ध होतो, ते केवळ ताटावरून उठण्यामुळं.

सुरुवात भाकरीपासून झाली. ज्वारीची भाकरी मी लहानपणापासून खात आलोय, पण एके दिवशी घास गिळला आणि तो छातीच्या मधोमध येऊन बसला. दुखलं नाही. नुसता बसला, दवाखान्याच्या बाकावर माणूस नंबर यायची वाट बघत बसतो तसा. वरून पाणी प्यायलो तर पाणीही त्याच्या मागं जाऊन उभं राहिलं. थोड्या वेळानं दोन्ही एकदम खाली गेलं आणि मी पुढचा घास घेतला. असं कधीतरी होतंच, म्हणून सोडून दिलं.

मग ते आठवड्यातून एकदा व्हायला लागलं, आणि हळूहळू रोज. त्यावर मी माझा मीच एक उपाय शोधून काढला. उठून उभं राहायचं, दोन्ही हात वर करायचे, छाती पुढं काढून खोल श्वास घ्यायचा आणि टाचांवर दोन-चार उड्या मारायच्या. की आत 'घट्' असा आवाज यायचा आणि घास उतरायचा. घरी हे चालून जायचं. बायको एका पतसंस्थेत नोकरीला आहे, सकाळी तिची घाई असते. मी स्वयंपाकघराच्या दारात हात वर करून उड्या मारतोय, हे बघून तिला पहिले काही दिवस आनंदच झाला होता. "बरं झालं व्यायाम सुरू केला," म्हणाली, "फक्त जेवणाआधी करत जा."

डॉक्टरांकडं गेलो नाही असं नाही. गल्लीच्या तोंडाशी जे डॉक्टर आहेत, त्यांनी ॲसिडिटी सांगितली, सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी दिली आणि तिखट बंद करायला लावलं. मराठवाड्यातल्या माणसाचा ठेचा बंद करणं म्हणजे काय, ते मराठवाड्यातल्या माणसालाच कळेल. तो मी बंद केला. घास अडकायचा तसाच अडकत राहिला, फक्त आता तो बेचव अडकायचा. मग छातीत कळ यायला लागली म्हणून हृदयाचा कागद, म्हणजे ईसीजी, काढला, तो चांगला आला. दुसऱ्या एका डॉक्टरांनी तोंडातून कॅमेरा टाकून बघितलं. "खाली जरा घट्ट लागलं, पण गेला आत. जखम नाही, गाठ नाही, सगळं साफ आहे," असं त्यांनी सांगितलं आणि माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं. कारण इतके दिवस मी कुणाला बोललो नव्हतो, पण मनात एकच भलता आजार धरून बसलो होतो. त्या आनंदात येताना क्रांती चौकाजवळ स्कूटर थांबवली आणि गरम इमरती घेतली. ती दुसऱ्याच घासाला अडकली. भर रहदारीत, स्कूटरशेजारी, मी हात वर करून उड्या मारल्या. एक रिक्षावाला मलाच हात दाखवतोय समजून थांबला.

याच दिवसांत माझ्या साडूनं घर बांधलं.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. गंगापूरच्या अलीकडं त्यांचं गाव आहे, तिथं त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे, आवाज मोठा, हात मोकळा. घराचं काम चालू असतानाच त्यांचा मला फोन आला होता. "मास्तर, गेटचं डिझाइन तुम्हीच काढायचं. घरात चित्रकार असताना मी बाहेर कशाला जाऊ?" मी मनापासून काढलं. पिंपळाची पानं एकात एक गुंफलेली आणि मधोमध धम्मचक्र. पाच-सहा कच्ची चित्रं केली, त्यातलं एक पक्कं करून पाठवलं. फोनवर त्यांचा अंगठा आला.

गृहप्रवेशाला आम्ही सकाळीच पोचलो. गेटवर मोर होता. तयार मिळतो तसला, लोखंडी, सोनेरी रंग दिलेला. वेल्डिंगवाल्याकडं तो तयार होता आणि पिंपळाची पानं कापायला त्याला वेळ नव्हता, असं नंतर कळलं. खरं सांगायचं तर मला क्षणभर वाईट वाटलं, पण क्षणभरच. मोर बरा होता. जरा जाडा होता, एवढंच.

वंदना झाली, भिक्खूंचं भोजनदान झालं, आणि मग आमची पंगत बसली. साडूंची बट्टी साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेली. गव्हाचं जाडंभरडं पीठ, ओवा, आणि गोवऱ्यांच्या आरात भाजलेले ते टणक गोळे. ते स्वतः भाजतात, स्वतः फोडतात आणि स्वतः वाढतात. वरण आणि तूप वरून. माझ्या ताटात त्यांनी दोन बट्ट्या फोडल्या आणि समोर उभे राहिले.

पहिला घास गेला. दुसरा जाता जाता थांबला. तिसरा मी घ्यायला नको होता, पण ते समोर उभे होते.

"घ्या की मास्तर. तूप कमी पडलं का?"

मी मान हलवली. बोलायची सोय नव्हती. पाण्याचा घोट घेतला आणि लगेच कळलं की चूक झाली, कारण पाणी खाली जाईना आणि गळ्यापर्यंत चढायला लागलं. पंगतीत ओकारी होण्यापेक्षा उठलेलं बरं, म्हणून उष्ट्या हातानंच उठलो आणि घरामागं पाण्याच्या टाकीआड गेलो. तिथं हात वर केले, उड्या मारल्या. काही उपयोग झाला नाही. शेवटी सगळं बाहेरच आलं, आणि आलं ते जसं गेलं होतं तसंच, बट्टीचा ओवासुद्धा ओळखू यावा असं. तोंड धुऊन परत आलो, तर सगळी पंगत माझ्याकडं बघत होती. माझ्या ताटात दीड बट्टी तशीच, आणि साडू अजून तिथंच उभे.

"बास झालं मला," मी म्हणालो.

त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि एकदा गेटकडं बघितलं. तुपाचं भांडं घेऊन पुढच्या माणसाकडं गेले.

परतीच्या बसमध्ये बायको म्हणाली, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं? मोर तर मोर."

"मी मोरामुळं उठलो नाही."

"मग?"

"अडकलं."

"तुमचं रोजच अडकतं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. तिची चूक नव्हती. रोज होणारी गोष्ट कारण म्हणून सांगितली तर कुणाला पटणार?

त्यानंतर साडूंचा फोन बंद झाला. मेहुणी बहिणीशी बोलायची, पण माझी चौकशी करायची नाही. पुढं नात्यातल्या एका लग्नात मी शहाणपणा केला, पंगतीलाच बसलो नाही. घरून दूध पिऊन गेलो आणि 'पोट भरलंय' सांगितलं. तो शहाणपणा फारच महागात पडला. साडूंनी मला लांबून बघितलं आणि शेजारच्याला म्हणाले, "बघा, अजून फुगलेलेच हायेत." हे मला मागाहून तिसऱ्या माणसानं सांगितलं. तोवर मी चांगलाच वाळलो होतो. पँटला नवीन भोकं पाडलेला पट्टा लागायचा. शाळेत कुणी म्हणायचं शुगर आहे, कुणी म्हणायचं मुलीच्या लग्नाची काळजी. मला मुलगीच नाही.

शाळेत आमचे खेळाचे सर आहेत. शहागंजकडचे, मुसलमान, घरात उर्दू आणि बाहेर जे समोर येईल ते बोलतात. आम्ही दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलो, एकाच टेबलावर डबा खातो. एके दुपारी मी वर्गखोल्यांच्या मागं जाऊन उड्या मारत होतो, तर हे शिट्टी गळ्यात घालून कोपऱ्यावर उभे.

"मास्टर, ये कौनसा इव्हेंट है?"

मी सांगितलं. घास अडकतो, पाणी अडकतं, कधीकधी झोपेत वर येतं आणि ठसका लागतो. ते हसायचे थांबले.

"पानी भी अटकता?"

"हो. उलट कधीकधी पाणी जास्त."

"ये ॲसिडिटी नई है. मेरी खाला को ऐसाइच था. वो तो नमाज़ के बाद दीवार पकड़ के कूदती थी. कितने साल लोग बोले, बुढ़िया के दिमाग में है." मग ते मराठीवर आले, कारण महत्त्वाचं काही सांगायचं असलं की ते मराठीत बोलतात. "तुम्ही पोटाच्या मोठ्या डॉक्टरकडं जा. आणि पहिलं वाक्य हेच बोला, की पाणी पण अडकतं. बाकी रामायण नंतर."

मी तसंच केलं. डॉक्टर मॅडम वयानं माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या असतील. मी खुर्चीत बसता बसताच म्हणालो, "पाणी पण अडकतं." त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सुरुवातीपासून पाणीही, की आधी फक्त भाकरी आणि मग पाणी?"

"जवळजवळ बरोबरच."

"घास उतरवायला काही करता का? उभं राहणं, हात वर करणं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मला माझ्या उड्यांबद्दल विचारत होतं. मी त्यांना उठून करून दाखवल्या. त्यांनी अगदी गंभीरपणे पाहिल्या आणि म्हणाल्या, "बरोबर. आता एक फोटो काढू."

तो फोटो म्हणजे बेरियमचा एक्स-रे. खडू पाण्यात कालवल्यासारखं पांढरं, दाट पाणी देतात. मशीनसमोर उभं राहून ते घोट घोट प्यायचं आणि ते खाली जाताना चित्र घेतात. नंतर मॅडमनी ती फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी आकृती. वर फुगीर, खाली एकदम निमुळती होत जाऊन बारीक टोक.

"आम्ही याला पक्ष्याची चोच म्हणतो," त्या म्हणाल्या.

मी जरा वेळ बघत राहिलो. "मॅडम, हा ब्रश आहे. गोल ब्रश पाण्यात बुडवून वर काढला की अस्सा दिसतो. पोट भरलेलं आणि टोक जुळलेलं."

त्यांनी पुन्हा फिल्मकडं पाहिलं आणि हसल्या. "खरंच की."

मग त्यांनी मला नीट समजावलं, आणि तसं आजवर कुणी समजावलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "घास पोटात कसा जातो असं वाटतं तुम्हाला?"

"पडतो. वरून खाली."

"गाय हौदावर पाणी पिताना पाहिलीय ना? तोंड खाली, पोट वर. ते पाणी वर कसं चढतं?"

याचा मी जन्मात विचार केला नव्हता.

"घास पडत नाही, ढकलला जातो," त्या म्हणाल्या. अन्ननळी ही नळाच्या पाइपासारखी मुकी नळी नाही. गिळलं की तिच्या भिंती वरून खाली एकेक करून आवळत जातात, लाट जावी तशा, आणि घास त्या लाटेपुढं सरकत जातो. खाली पोटाच्या तोंडाशी एक दार आहे. ते एरवी बंद असतं, नाहीतर पोटातलं आम्ल वर येईल. लाट निघाली की ते आपोआप सैल होतं. हे सगळं आपल्या हुकमानं चालत नाही, नळीच्या भिंतीतल्या बारीक नसा परस्पर सांभाळतात. माझ्या त्या नसा कमी झाल्या होत्या. त्यामुळं लाट उठत नव्हती आणि दारही उघडत नव्हतं. घास दाराशी साचत होता, त्याच्यावर पाणी साचत होतं, आणि मी उड्या मारून वरचा भार वाढवून ते दार जबरदस्तीनं उघडत होतो.

"कॅमेऱ्यात का नाही दिसलं मग?"

"कॅमेरा नळी कशी दिसते ते सांगतो. नळी कशी चालते ते नेहमी सांगतोच असं नाही."

आजाराचं नाव त्यांनी अकॅलेझिया असं सांगितलं. मला ते एखाद्या कुंडीतल्या फुलझाडाचं वाटलं. मी विचारलं, "कशामुळं झालं? ठेच्यामुळं?"

"नाही. तिखटामुळं नाही, टेन्शनमुळं नाही, घाईनं जेवल्यामुळंही नाही. नक्की कशामुळं होतं ते अजून कुणालाच ठाऊक नाही. तुमचं काही चुकलेलं नाही."

बायको शेजारी बसली होती. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की बसमधल्या त्या वाक्याबद्दल तिला निराळं काही बोलायची गरजच उरली नाही.

खात्री करायला अजून एक तपासणी होती. नाकातून एक बारीक नळी पोटापर्यंत घालतात आणि मग थोडं थोडं पाणी देऊन गिळायला सांगतात. नळी जाताना डोळ्यांतून पाणी येतं, पण खरं अवघड पुढंच आहे. तिथली सिस्टर म्हणायची, "आता गिळा," मी गिळायचो. मग म्हणायची, "आता अजिबात गिळू नका." माणसाला गिळू नको म्हटलं की त्याला फक्त गिळावंसंच वाटतं, हे मला तिथं कळलं. समोरच्या पडद्यावर आतला दाब रंगांत उमटत होता. कमी दाब निळा, जास्त दाब लाल. मॅडमनी आधी एका धडधाकट माणसाचं चित्र दाखवलं. वरून खाली तिरका उतरत गेलेला एक सुरेख रंगीत पट्टा, जाणत्या हाताच्या एका फटकाऱ्यासारखा. मग माझं. प्रत्येक घोटाला एक सरळ उभी भिंत, आणि तळाशी आडवी लाल रेघ, न तुटलेली, पोरं वहीत समास आखतात तशी. इतकी वाईट रंगसंगती मी पाचवीच्या वर्गातही पाहिली नव्हती. पण आजाराचा निकाल त्यात स्वच्छ होता.

दुसऱ्या दिवशी मी खेळाच्या सरांना गायीचं उदाहरण सांगितलं. त्यांना ते पटेना. "मतलब आदमी उल्टा हो के भी खा सकता?" मी म्हणालो, डॉक्टरांचं म्हणणं तसंच आहे. त्यांनी शिट्टी काढून टेबलावर ठेवली, मधल्या सुट्टीनंतर रिकाम्या व्यायामशाळेत मला नेलं, भिंतीला टेकून शीर्षासन केलं आणि केळ्याचा तुकडा मागितला. मी नको नको म्हणत होतो, पण ते उलटे झाले की ऐकत नाहीत. त्यांनी तुकडा नीट चावला, डोळे मिटले आणि गिळला. लाल झालेल्या चेहऱ्यानं ते ओरडले, "गई! मास्टर, ऊपर को गई!" तेवढ्यात मुख्याध्यापिका दारात येऊन उभ्या राहिल्या. एक शिक्षक उलटा आणि दुसरा हातात केळं घेऊन वाकलेला. आम्ही दोघांनी सांगितलं की विज्ञानाचा प्रयोग चाललाय. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्यापैकी विज्ञान कोण शिकवतं?" डॉक्टर मॅडमना हे नंतर सांगितलं, तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग रागावल्या. ठसका लागला असता तर भारी पडलं असतं, पुन्हा असलं काही करायचं नाही, असं सरांना बजावून सांगायला लावलं.

उपाय तीन होते. आत फुगा फुगवून दार ताणायचं, किंवा पोटावर छोटी छिद्रं पाडून ऑपरेशन करायचं, किंवा तोंडातूनच कॅमेरा नेऊन आतल्या आत दाराचा आवळलेला स्नायू कापायचा. मॅडमनी तिन्हींचं बरंवाईट सांगितलं. आम्ही तोंडाच्या वाटेनं जायचं ठरवलं. तेही त्यांनी फार गोड करून सांगितलं नाही. "मेलेल्या नसा परत येणार नाहीत. लाटही येणार नाही. आपण फक्त दार उघडून ठेवतोय. पुढचं काम घास आपल्या वजनानं करेल. दार उघडं राहिलं की आम्ल वर येऊ शकतं, त्याची गोळी लागेल, आणि अधूनमधून तपासायला यावं लागेल."

दिवाळीच्या सुट्टीत ते झालं. आधी काही दिवस फक्त पातळ खाणं, म्हणजे नळी रिकामी राहते. मग भूल. जागा झालो तेव्हा घसा खवखवत होता आणि छातीत जडपणा होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक्स-रेसमोर उभं करून औषधी पाणी पाजलं, कुठं गळत नाही ना ते बघितलं आणि मग साधं पाणी प्यायला परवानगी दिली. बायकोनं पेला हातात दिला. मी एक घोट घेतला आणि सवयीनं वाट बघत बसलो.

"काय झालं?" तिनं घाबरून विचारलं.

"गेलं," मी म्हणालो. "कधी गेलं ते कळलंच नाही."

ती म्हणाली, "अजून एक घ्या." मी घेतला. तोही गेला. मग आम्ही दोघं, पन्नाशीच्या घरातली माणसं, दवाखान्याच्या त्या खोलीत एकेक घोट पाणी घेत, एकमेकांकडं बघत हसत बसलो. सिस्टर आत डोकावून गेली आणि तिनं दार ओढून घेतलं.

त्यानंतर पेज, वरणाचं पाणी, मऊ खिचडी, मग दुधात कुस्करलेली भाकरी. भाकरी नीट तुकडा मोडून खायला बरेच दिवस लागले. वजन चढायला लागलं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या, कारण उताणं सपाट झोपायचं नाही. पहिले काही दिवस मी झोपेत पायथ्याशी घसरायचो.

बायको म्हणाली, "आता ताईकडं जाऊन येऊ. ती फिल्म घ्या बरोबर."

"फिल्म कशाला?"

"तोंडी सांगून कोण ऐकणार तुमचं?"

साडू ओट्यावरच बसले होते. "या," म्हणाले, पण मास्तर म्हणाले नाहीत. मेहुणीनं पाणी आणलं, मी ते सगळ्यांदेखत प्यायलो. मग बायकोनं पिशवीतून फिल्म काढून साडूंच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी धरली. मी सरळ केली.

"हे काय हाय?"

"हे मी आहे. माझी अन्ननळी."

ते उठले आणि फिल्म उन्हात धरून उभे राहिले. मी बोट ठेवून दाखवलं. इथून घास येतो, इथं दार आहे, ते उघडत नव्हतं. जे खाल्लं ते इथं साचायचं.

त्यांनी बराच वेळ बघितलं. "म्हंजी माझी बट्टी..."

"इथं अडकली होती. बरोब्बर इथं."

"आन् तुम्ही उठले ते?"

"ओकायला. टाकीमागं."

आतून साडूंच्या आईचा आवाज आला, "म्या तवाच म्हणलं व्हतं, मास्तर टाकीमागं हात वर करून नाचतोय. कुणी ऐकलं का माझं?"

साडू फिल्म धरूनच खाली बसले. "आन् मी म्हणतोय मोरामुळं."

"मोर चांगला आहे," मी म्हणालो.

"काय चांगला हाय? कोंबड्यावानी दिसतोय." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "पर मास्तर, तोंड नाय का? सांगायचं ना तवाच! मी वरीसभर मनात ठिवून बसलो. सगळ्या सोयऱ्यांला सांगत बसलो."

"काय सांगणार? मलाच माहीत नव्हतं."

हे त्यांना पटलं. त्यांनी लगेच फोन काढला. माझ्या देखत त्यांनी सात-आठ घरी फोन लावले असतील. प्रत्येकाला पहिलं वाक्य तेच, "आरं, मास्तर फुगले नव्हते, मास्तरची नळी फुगली व्हती!" मोठ्या आवाजाचा माणूस, ओट्यावर उभा. गल्लीतली माणसं गोळा झाली. फिल्म हातोहात फिरली. एकाला त्यात मुळा दिसला, एकाला भोपळा. एका काकांनी आपल्यालाही अडकतं असं सांगितलं, चौकशी केली तर ते पंगतीत पैज लावून अख्खा लाडू गिळताना अडकलं होतं. साडूंच्या आईनं मात्र हळूच मला जवळ बोलावलं. त्यांना गोळी गिळताना त्रास व्हायचा. मी म्हणालो, मी डॉक्टर नाही, पण पुढच्या तपासणीला तुम्हाला बरोबर नेतो. नेलं. मॅडमनी तपासून सांगितलं की नळी ठणठणीत आहे, कवळी सैल आहे, आजी चावतच नाहीत. नवी कवळी बसवली, तेव्हापासून आजी हरभरे खातात.

साडूंचा स्वभाव मात्र अर्धवट काही करायचा नाही. आधी जेवढे रुसले होते, तेवढीच आता त्यांनी माझी काळजी घ्यायला घेतली. यंदा त्यांच्या मुलाचं लग्न शहरातच एका मंगल कार्यालयात झालं. मी पंगतीला बसलो. एव्हाना मला सगळं खाता येतं, फक्त सावकाश, नीट चावून, मधेमधे पाण्याचा घोट घेऊन. भात आला, वाढणारा मला ओलांडून पुढं गेला. पुरी आली, पुढं गेली. मी हात वर केला.

"अहो, इकडं वाढा."

"तुम्हीच ना ते मास्तर? चष्मेवाले?" वाढणारा म्हणाला. "तुम्हाला आग्रह करायचा नाय, असं नवरदेवाच्या वडलांनी सांगितलंय."

"आग्रह नका करू. नुसतं वाढा."

तो विचारात पडला आणि विचारायला गेला. शेजारी खेळाचे सर बसले होते, त्यांनाही साडूंनी आवर्जून बोलावलं होतं. त्यांनी आपल्या ताटातल्या दोन पुऱ्या उचलून माझ्या ताटात ठेवल्या. "खाओ मास्टर, बैठ के, सीधे बैठ के," म्हणाले. मी पुरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि चावायला लागलो. पंगत उठली, पुढची पंगत खुर्च्यांमागं येऊन उभी राहिली, तरी माझं चालूच होतं. दारातून साडू हात उंचावून त्या लोकांना ओरडून सांगत होते, "थांबा जरा, मास्तरचं होऊ द्या!" आणि वाढणारा जिलेबीचं ताट घेऊन, या वेळी न विचारता, माझ्याकडं येत होता.